पेटी उघडवत नाही

"चार महिने झाले, पेटी उघडवत नाही मॅडम," काका म्हणाले आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आम्हा ख्रिस्ती माणसांत पेटी म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात, आणि काकूंना मातीआड करून चारच महिने झाले होते. ते शवपेटीबद्दल नाही, हार्मोनियमबद्दल बोलत होते हे जरा वेळाने लक्षात आलं. दर रविवारी उपासनेत काका पेटीवर बसायचे आणि समोर बायकांच्या सतरंजीवरून काकू गाणं उचलायच्या.

काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पंच. (त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) मुलीने हट्टाने माझ्याकडे समुपदेशनाला आणलं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "माझा विश्वास कमी पडतोय का?"

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या जणांनी आणलाय की आता तो दारातूनच ओळखू येतो. काकांची हकिगत अशी. दफनाच्या दिवशी डोळ्यांतून टिपूस आलं नाही. सगळ्यांनी वाखाणलं. सांत्वन सभेत कुणी पंडिता रमाबाईंचा दाखला दिला, एकुलती एक मुलगी मनोरमा गेली तरी बाई डगमगल्या नाहीत म्हणून. आणि आता पहाटे तीनला काका न्हाणीघरात जातात, सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडतात आणि रडतात. "आमच्याकडे पाणी दोन दिवसांआड येतं, आणि मी बादल्या वाहू देतो," म्हणाले. याचीही त्यांना लाज वाटत होती.

पण खरी सल पुढे निघाली. "मी किती मयतींना गेलो असेन. प्रत्येक घरात तेच सांगितलं, रडू नका, प्रभूघरी गेले. लोकांना तेव्हा कसं वाटलं असेल हो?"

रमाबाईंचं आधी सांगते, कारण असले दाखले मला खटकतात. मनोरमा गेली 1921च्या जुलैमध्ये, रमाबाई गेल्या 1922च्या एप्रिलमध्ये. मधल्या साडेआठ महिन्यांतल्या रात्री त्यांच्या त्यांनाच ठाऊक. त्यांच्या दुःखाची फूटपट्टी करून दुसऱ्याच्या पाठीवर मारायची कशाला?

समोरच्याने काढल्याशिवाय मी शास्त्र काढत नाही. काकांनीच काढलं. बायबलमधलं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, चौथा अध्याय, तेरावं वचन त्यांना पाठ होतं, पण त्यांच्या तोंडी फक्त "खेद करू नये" एवढंच उरलं होतं. म्हटलं, पूर्ण वाचा. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नये, असं प्रेषित पौल लिहितो. खेदच करू नये असं लिहायला त्याला काय हरकत होती? आणि हाच पौल फिलिप्पैकरांना कळवतो, की त्याचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला ही देवाची आपल्यावरही दया, नाहीतर दुःखावर दुःख झालं असतं. आपला माणूस मेला असता तर मी दुःखात बुडालो असतो, हे सरळ कबूल करणारा तो माणूस आहे.

थेस्सलनीकाच्या लोकांची काळजीही बघण्यासारखी आहे. प्रभू परत येण्याआधीच जे गेले त्यांचं काय, ते मागे राहणार का? पौलाचं उत्तर: ते आधी उठतील, मग आपण त्यांच्याबरोबर. काका त्या "त्यांच्याबरोबर"वर थांबले, परत वाचलं. ती सुखात आहे एवढ्यावर आपण सांत्वन संपवतो. पौल पुढे जाऊन भेटीचं बोलतो. ज्याला ताटातूट जाणवतच नाही, त्याने भेटीची आशा कशाची करायची? शिवाय मरणाला तो करिंथकरांच्या पत्रात शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रूचा घाव बसला तर माणूस कळवळणारच.

मग आम्ही बायबलमधल्या बेथानी गावाच्या गोष्टीकडे गेलो. भाऊ लाजर गेल्यावर मार्था आणि मरीया या बहिणी येशूला एकच वाक्य बोलतात: प्रभू, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. शब्द तेच. मार्थेला तो पुनरुत्थानाचं वचन देतो. मरीया पायांशी पडून रडते, तर तो तिला काहीच शिकवत नाही. कबर कुठे ते विचारतो, आणि रडतो. थोड्याच वेळात लाजराला हाक मारून जिवंत उठवायचं आहे हे माहीत असून रडतो! काकांना सगळ्यांनी मार्थेचं उत्तर दिलं होतं, त्यांनीही आयुष्यभर लोकांना तेच दिलं होतं. ते खोटं नव्हतं. मरीयेच्या वाट्याचं मात्र कुणी दिलंच नव्हतं.

वचनं सापडली म्हणून माझं काम संपत नाही. विश्वासणारी माणसं "मलाही आता प्रभूने न्यावं" असं सहज म्हणून जातात आणि ऐकणारा आमेन म्हणतो. मी आमेन म्हणत नाही, थेट विचारते: स्वतःच्या जिवाचं काही करावंसं वाटतं का? काका दचकले. "झोपेत न्यावं वाटतं. मी होऊन काही करणार नाही." तरी मुलीला हे सांगायचं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं, 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दोघांच्या फोनमध्ये घातला, आणि झोपेसाठी डॉक्टरांकडे पाठवलं. चौथ्या महिन्यात झोप उडणं, रडू कोसळणं याला मी आजार म्हणत नाही. सहा महिने, वर्ष उलटूनही दुःखाची धार तशीच राहिली आणि रोजचं जगणंच ठप्प झालं, तर वेगळे उपचार लागतात. "विश्वास ठेवा, औषध नको" म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

घरी करायला एकच काम दिलं: स्तोत्र 88 मोठ्याने वाचायचं, सुनेला ऐकू गेलं तरी चालेल. ते स्तोत्र अंधारावरच संपतं, शेवटी उजेड वगैरे काही येत नाही. काका म्हणाले, "हे तर आम्ही उपासनेत कधीच वाचत नाही!"

तिसऱ्या आठवड्यात ते आले ते सुनेचं सांगत. चौथ्या दिवशी ती स्वयंपाकघरातून येऊन शेजारी बसली आणि तीच आधी रडली. सासूला आईच म्हणायची ती. सासूची आठवण काढली तर मामंजींचा बांध फुटेल म्हणून चार महिने गप्प होती.

पेटीचं मी विचारलं नव्हतं. सहाव्या भेटीत उठता उठता तेच म्हणाले, "भात्याला उंदीर लागला होता. चामडं बदलून आणलं." मग दारात थांबले. "तिची गायची पट्टी काळी चार. मला ती कधीच झेपली नाही. रविवारी काळी एक धरली, तर पोरं म्हणाली, काका, खाली गेलं. म्हटलं, गा आता ह्यातच."