नीरो, युरिया आणि निळा उजेड

काजूचा मोसम सुरू झाला की कार्बन डॉट्सवरचे, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म चमकणाऱ्या कणांवरचे, तेच ते प्रश्न येऊ लागतात. यंदाचे निवडक घेतो.

नीरो (काजूच्या बोंडांचा ताजा रस) आणि युरिया तापवून केलेलं द्रावण अतिनील टॉर्चखाली निळं चमकतं. म्हणजे नायट्रोजन डोपिंग (कार्बनच्या रचनेत थोडा नायट्रोजन बसवणं) झालं ना? (बीएस्सीची विद्यार्थिनी, म्हापसा)

एवढ्यावरून मुळीच नाही. नायट्रोजनमुळे कार्बन डॉट्सची चमक पुष्कळ वाढू शकते, हे खरं. पण रसातलं सिट्रिक ॲसिड आणि युरिया एकत्र तापवले की सिट्राझिनिक ॲसिडसारखे सुटे रेणूही तयार होतात, आणि तेही निळेच चमकतात. तुमच्या बाटलीत नेमकं काय चमकतंय, ते टॉर्चला कळत नाही. व्हिडिओत कुणीतरी दाखवलं म्हणून पोस्टरवर 'डोपिंग सिद्ध' लिहू नका! आधी न तापवलेला नीरो टॉर्चखाली धरा. मग युरियाशिवाय तीच कृती करा. त्यानंतर द्रावणाचं डायलिसिस करा (सुटे लहान रेणू बाहेर झिरपू देणाऱ्या पिशवीत भरून ती पाण्यात ठेवा) आणि पिशवीच्या आत किती चमक उरली, बाहेरच्या पाण्यात किती गेली, ते मोजा. बहुतेक चमक बाहेर गेली असेल तर श्रेय डॉट्सचं नाही. डायलिसिसला वेळ लागतो म्हणून ते गाळलं जातं, आणि पुढचे सगळे आलेख फुकट जातात. क्वांटम यील्डही (शोषलेल्या प्रकाशापैकी किती चमक म्हणून परत येतो ते प्रमाण) क्विनाइन सल्फेट या प्रमाण द्रावणाशी ताडूनच सांगा. गाईडना आजच भेटा, सादरीकरणाच्या आदल्या दिवशी नको.

हेच घरच्या प्रेशर कुकरमध्ये करता येईल का? (फोंडा)

नाही.

डोपिंग केल्यावर ग्राफीन काळं पडतं का? (शिक्षक, मडगाव)

नाही. ग्राफीनचा, म्हणजे एका अणूइतक्या जाड कार्बन-पत्र्याचा, एक थर सुमारे २.३ टक्के दृश्य प्रकाश शोषतो. नायट्रिक ॲसिडने डोप केल्यावर फर्मी पातळी (इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात ती ऊर्जा) सरकते आणि कमी ऊर्जेचा प्रकाश शोषण्याची वाट बंद होते. त्यामुळे अवरक्त भागात ते उलट अधिक पारदर्शक होतं. डोळ्याला फरक जवळजवळ दिसत नाही.

पिवळा हिरा, निळा हिरा, हेही डोपिंगच का? (पणजी)

बहुधा होय: पिवळ्यात नायट्रोजन, निळ्यात बोरॉन. मात्र किरणोत्साराने रंग चढवलेले हिरेही विकले जातात. रत्नप्रयोगशाळेचं प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

पाणी तपासायच्या 'नॅनो कार्बन' किटमधल्या डॉट्सची चमक आमच्या विहिरीच्या पाण्यात मंदावली. खाणीचं लोह असेल? (डिचोली)

असू शकतं. फेरिक लोह अतिनील प्रकाश शोषतं, त्यामुळे डॉट्स मंद दिसतात; पण गढूळपणा किंवा कुजका पालापाचोळाही तेच करतो. खोक्यावर 'अचूक' छापायला काही लागत नाही. किट बाजूला ठेवा, पाण्याचा नमुना आजच तपासणी प्रयोगशाळेत द्या आणि अहवाल येईपर्यंत ते पाणी पिऊ नका.