नव्या लीडर मातेसाठी

ताई, मातागटाची जबाबदारी घेतलीस, फार बरं वाटलं. ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानाचा एप्रिलमधला मेळावा झाला की खरं काम सुरू होतं. जूनमध्ये पोरं पहिलीत जाणार, मधले आठवडे आपल्या हातात.

गट एकाच आळीतल्या पाच-सहा जणींचा ठेव. मजुरीला जाणाऱ्या परतल्या की मगच बसा. जिच्याकडे फोन नाही, तिला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली, पोराकडून करून घ्यायची कृती सांगायला तिच्या दारात जा. नाहीतर जिला गरज जास्त, नेमकी तीच सुटते.

“मला वाचता येत नाही, मी काय शिकवणार?” हे हमखास ऐकशील. तिथे समजावत बसू नकोस. ताटात मूठभर चवळी नि शेंगदाणे मिसळ, पोराला वेगळे करायला लाव आणि विचार, “जास्त कुठले?” पोर एकासमोर एक मांडून बघतं, मोजायला लागतं. आई शेजारीच बसलेली असते. हे आपल्यालाही जमेल, हे तिला न सांगता कळतं.

पाटी-पेन्सिलीची घाई कुणाला करू देऊ नकोस. आधी बोटं मातीत, कणकेत फिरू देत. आणि पोराला काय काय जमतं याची नोंद असलेलं विकासपत्र घेऊन शेजारणीच्या पोराशी तुलना सुरू झाली तर तिथेच थांबव. जूनच्या मेळाव्यात त्याच पोराची प्रगती बघायची असते.