आत कुणीतरी टिचकी मारतंय

प्रिय ताई,
माझं वय ६१. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३२ वर्षं शिकवलं, आता निवृत्त. पाच आठवड्यांपूर्वी ओट्यापाशी चक्कर येऊन पडले. नाडी ३८ निघाली, ‘हृदयातल्या विजेच्या वाटेत पूर्ण ब्लॉक आहे’ म्हणाले आणि दोन दिवसांत पेसमेकर बसवला. चक्कर गेली. पण तेव्हापासून डाव्या बरगडीखाली मधूनच आतून कुणी टिचकी मारल्यासारखं होतं, डाव्या कुशीवर वळलं की जास्तच. रात्री एकच्या सुमाराला धडधडून जाग येते. परवा एसटीने माहेरी गेले, तर बसल्या जागी छातीत पळापळ. मुलगा म्हणतो, ईसीजी नॉर्मल आहे, तू फार विचार करतेस. मिस्टर म्हणतात, एवढा खर्च केला, जीव वाचला, आता कुरकुर कशाला? वायर निसटेल या भीतीने डावा हात पोटाशी धरून असते, आणि उजवा हात सारखा त्वचेखालच्या पेसमेकरच्या डबीवर जातो. मी कृतघ्न झालेय का?
– एक शिक्षिका, मिरजेजवळून

प्रिय ताई,

कृतघ्न? मुळीच नाही. जीव वाचल्याचा आनंद आणि बरगडीखालची टिचकी या दोन्ही गोष्टी एकाच शरीरात सुखाने नांदू शकतात. एकीमुळे दुसरी खोटी ठरत नाही.

मी डॉक्टर नाही. पण माझी आई पेसमेकर घेऊन १४ वर्षं जगली आणि त्यातली बरीचशी वर्षं तिला तपासणीला मीच नेत असे. पहिले दोन महिने ती पदराची चौपदरी घडी करून डबीवर ठेवायची आणि वरून ब्लाउजची पट्टी ओढून घ्यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, ‘काही नाही, जरा टोचतं.’ त्या ‘जरा’मध्ये काय काय दडलं होतं, ते आम्हाला फार उशिरा कळलं. म्हणून तुमचं पत्र आल्या दिवशीच उत्तर लिहायला बसले.

आधी टिचकीबद्दल, कारण माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. हृदयाला अगदी चिकटून एक नस खाली श्वासपटलापर्यंत, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यापर्यंत जाते. पेसमेकरच्या वायरचं टोक हृदयाच्या आत अशा जागी बसलेलं असलं, की तिथून सुटणारा विजेचा बारीक ठोका कधी कधी त्या नसेला किंवा थेट श्वासपटलालाच लागतो. मग ठोक्यागणिक श्वासपटल उडतं. कुणाला ते उचकीसारखं वाटतं, कुणाला टिचकीसारखं. कूस बदलली की हृदय थोडं सरकतं, म्हणून डाव्या कुशीवर ते वाढू शकतं. आज रात्री एक करा. टिचकी सुरू झाली की एक तळवा तिथे ठेवा आणि दुसऱ्या हाताने मनगटाची नाडी धरा. दोन्ही एकाच तालात चालत असतील, तर डॉक्टरांना नेमकं हेच वाक्य सांगा: ‘नाडीच्या तालात बरगडीखाली उडतं, डाव्या कुशीवर जास्त.’ ‘कसंतरी होतं’ म्हणालात, तर पुन्हा ईसीजी काढून घरी पाठवतील.

आणि ईसीजीचं म्हणाल, तर त्यात हृदय कसं चालतंय ते दिसतं. श्वासपटल उडतंय का, हे पाहायला ते यंत्र नव्हेच. त्यासाठी पेसमेकर तपासण्याचं वेगळं यंत्र असतं, त्याला प्रोग्रामर म्हणतात. त्यावर विजेचा जोर कमीजास्त करून बघतात. मला डाव्या कुशीवर झोपवून, दीर्घ श्वास घ्यायला लावून तपासा, असं तुम्ही होऊन म्हणा. शिक्षिका आहात, मुलांकडून उत्तर काढून घेणं तुम्हाला येतं. इथेही तसंच.

एक गोष्ट बहुधा तुम्हाला कुणी सांगितली नसेल. नव्या पेसमेकरमध्ये विजेचा जोर मुद्दामच जास्त ठेवलेला असतो. वायरचं टोक जिथे रुतलेलं असतं तिथे सुरुवातीचे काही आठवडे सूज असते आणि हृदयाला ठोका जाणवायला जास्त जोर लागू शकतो. साधारण तीन महिन्यांनी ती जागा स्थिरावते, मग जोर कमी करतात. बॅटरीही त्याने जास्त टिकते. म्हणजे तुम्हाला आज जे सोसावं लागतंय, त्यातलं बरंचसं न कापता, न टोचता, त्वचेवरून बदलता येण्यासारखं असू शकतं. पण तीन महिन्यांच्या तारखेपर्यंत थांबू नका. क्वचित वायरचं टोक जागेवरून हललं तरी अशीच टिचकी सुरू होते. त्यामुळे याच आठवड्यात दाखवायला हवं.

रात्री एकची धडधड. काही कंपन्यांचे पेसमेकर रात्री, माणूस झोपेत असताना, स्वतःची परीक्षा घेतात. किती जोराच्या ठोक्याला हृदय साथ देतं ते तपासायला थोडा वेळ ठोके जरा जलद करतात. वेळ रोज तीच असते. आठवडाभर उशाशी वही ठेवा आणि जाग आली की घड्याळ पाहून वेळ लिहा. रोज तीच वेळ निघाली, तर यंत्राकडे बोट दाखवायला तुमच्याकडे पुरावा झाला. वेळ वेगवेगळी आली, तर तेही सांगा, मग ते दुसरीकडे शोधतील.

एसटीतली पळापळ वाचून मला आईची रिक्षा आठवली. बऱ्याच पेसमेकरमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. माणूस चालायला लागला की शरीर हलतं, त्यावरून यंत्र ठोके वाढवतं. पण खड्ड्यातून जाणाऱ्या बसचे हिसके आणि चालणं यातला फरक त्याला नेहमीच कळत नाही. तुम्ही खिडकीशी निवांत बसलेल्या असता आणि त्याला वाटतं बाई जिना चढतायत. आईची तक्रार ऐकून टेक्निशियनने सेन्सर थोडा मंद केला, पाच मिनिटांत काम झालं. त्याआधी सहा महिने ती रिक्षात दांडा घट्ट धरून, डोळे मिटून बसायची.

शिवाय तुमची नाडी ३८ होती. कोण जाणे किती दिवस. ठोके मोजके असले की हृदय प्रत्येक वेळी जास्त भरतं. शरीर त्या संथ चालीला सरावतं आणि मग ६० सुद्धा घोडदौड वाटते. ही भावना बहुतेकांची काही आठवड्यांत ओसरते.

आता हातांबद्दल. इथे मला तुम्हाला दोनदा रागवायचंय.

डावा हात पोटाशी धरून बसू नका. पहिले चार ते सहा आठवडे कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही आणि जड उचलायचं नाही, हे खरं. पण खांद्याच्या खाली हात हलता ठेवायचा असतो. आईला ज्या दवाखान्यात बसवला तिथे ‘हात हलवू नका’ एवढंच सांगितलं, आणि ती शब्दाला पक्की. दोन महिन्यांनी अंबाडा घालायला हात वर करायला गेली तर खांदा पार आखडलेला. पुढे कितीतरी दिवस शेजारच्या काकू सकाळी येऊन तिचे केस विंचरून द्यायच्या आणि आई आरशात बघायचीच नाही. तुमचे पाच आठवडे झालेत. कोणते व्यायाम, किती उंचीपर्यंत, हे या भेटीतच विचारून घ्या.

आणि उजव्या हाताने डबी चाचपणं आजपासून बंद. सारखी फिरवली तर ती त्वचेखाली खरंच गोल फिरते, बॉबिनवर दोरा गुंडाळावा तशी वायर तिच्याभोवती गुंडाळली जाते आणि टोक जागेवरून ओढलं जातं. ज्या निसटण्याच्या भीतीने तुम्ही एक हात बांधून ठेवलाय, ते दुसऱ्या हाताने होऊ शकतं. हात गेलाच, तर पदराचं टोक धरा.

मोबाइल ब्लाउजमध्ये खोचत असाल तर तेही सोडा. तो डबीपासून निदान १५ सेंटिमीटर लांब हवा, आणि बोलताना उजव्या कानाला. इंडक्शनची शेगडी असेल तर दोन फूट अंतर ठेवा. मिक्सर, फ्रिज, टीव्ही खुशाल वापरा.

मुलाला आणि मिस्टरांना हा भाग वाचून दाखवा. जगात पहिला पेसमेकर शरीरात बसवला गेला ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्टॉकहोममध्ये, आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या माणसाला. त्याला दिवसाला २०-३० वेळा बेशुद्धीचे झटके येत होते. असं यंत्र तेव्हा तयारच नव्हतं. त्याची बायको एल्से-मारी इंजिनिअर रूने एल्मक्विस्ट आणि सर्जन ओके सेनिंग यांच्या मागे लागली, म्हणून ते घडलं. ते पहिलं यंत्र काही तासांत बंद पडलं. पुढे आयुष्यभरात लार्सनला २० हून अधिक यंत्रं बसवावी लागली आणि तो ८६ वर्षांचा होऊन २००१ साली गेला, तोही हृदयाच्या नव्हे, कर्करोगाच्या आजाराने. घरातलं माणूस आपल्या माणसासाठी हट्टाला पेटलं, तिथून ही सगळी गोष्ट सुरू होते. मिस्टरांनी तुम्हाला गप्प करण्याऐवजी तुमच्याबरोबर तपासणीच्या खोलीत यावं, तुम्ही विसरलात तर आठवण करून द्यावी. खर्च त्यांनी तुमच्यासाठी केला, तुमच्या मौनासाठी नाही.

डोळ्यांपुढे अंधारी आली, पुन्हा चक्कर आली, उचकी थांबेचना, दम लागला, हात सुजला, डबीवरची जागा लाल-गरम झाली, फुगली, चिघळली किंवा ताप आला, तर वही-बिही काही नको, त्याच दिवशी जा. आणि सूज आली म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडे सुई घालून पाणी काढून घेऊ नका. जंतू आत गेले तर सगळं यंत्र काढावं लागतं.

तर आज फोन करून वेळ घ्या. वही, पेसमेकरचं कार्ड आणि मिस्टर, तिन्ही बरोबर न्या. आणि एसटीने जाणार असाल तर मागच्या चाकावरची सीट घेऊ नका, पुढे बसा.

तुमची,
ताई