शॅमेलिऑनची हाडे आणि दिवा

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझ्या पाच महिन्यांच्या येमेनी शॅमेलिऑनविषयीचे, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याविषयीचे, पत्र मिळाले. फांदीवर त्याची पकड सैल झाली आहे आणि नेम धरूनही त्याची जीभ भक्ष्यापर्यंत पोचत नाही, या दोन्ही गोष्टी तू नेमक्या टिपल्यास हे फार बरे झाले, कारण कॅल्शियमची कमतरता बहुधा प्रथम पकडीत आणि जिभेतच दिसू लागते. रक्तातील कॅल्शियम घटले की पॅराथायरॉइड ग्रंथींच्या संप्रेरकामुळे ते हाडांतून काढून घेतले जाते. रक्त काही काळ सावरते, पण हाडे मऊ होत जातात. चालताना फांदीऐवजी स्वतःचाच पाय पकडणे, पायांची हाडे वाकणे, कोपराखाली आणखी एक सांधा असल्याचा भास होणे, जबडा लवचीक होणे आणि अंगाला कंप सुटणे ही पुढची लक्षणे आहेत. त्यांची वाट पाहू नकोस. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला त्याला याच आठवड्यात दाखव. जबडा दाबून पाहण्याचा मोह टाळ आणि त्याला फांदीवरून ओढून काढू नकोस, कारण अशा अवस्थेतील हाड थोड्याशा जोरानेही मोडते.

प्रत्येक खाण्यावर कॅल्शियमची भुकटी लावतोस, मग कमतरता कशी, असे तू विचारले आहेस. माझा पहिला संशय दिव्यावर आहे. आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जाण्यासाठी डी३ जीवनसत्त्व लागते आणि ते त्वचेत तयार होण्यासाठी यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा एक प्रकार, लागतो. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येत नाहीत, त्यामुळे टोरंटोच्या हिवाळ्यात पिंजरा खिडकीशी ठेवल्याने उजेडाखेरीज काही साधत नाही. दिवा दिसायला लख्ख जळत असला तरी त्यातील यूव्हीबी हळूहळू ओसरते, शिवाय पिंजऱ्याची जाळीही त्याचा बराच भाग अडवते. म्हणून यूव्हीबी देणारी लांब टी५ (बारीक फ्लुरोसंट) नळी वापर, उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, साधारण वर्षभरात, ती बदल, आणि जमल्यास यूव्ही निर्देशांक मोजणारे उपकरण कुणाकडून तरी मिळव. ऊन शेकण्याच्या फांदीवर तो 3 च्या आसपास असावा आणि पानांच्या आडोशाला अगदी कमी, म्हणजे सरड्याला स्वतः निवड करता येते. त्याच फांदीवर 30 अंश सेल्सियसच्या जवळपास उष्णताही हवी, कारण थंड अंगाने अन्न नीट पचत नाही.

अन्नाचे गणितही समजून घे. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुपटीइतके असावे, पण रातकिड्यांत फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. म्हणून भुकटी लागतेच. वाढत्या वयात फॉस्फरस आणि डी३ नसलेली साधी भुकटी जवळजवळ रोज लाव. डी३ असलेली भुकटी महिन्यातून दोनदा पुरे, कारण तोंडावाटे डी३ फार गेल्यास मूत्रपिंडांत आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठू लागते. रातकिड्यांना आदल्या दिवशी मोहरीची पाने खाऊ घाल. पालकातील ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून तो नको. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांत मुळातच भरपूर कॅल्शियम असते, त्यांची जोड अवश्य दे.

पुण्यातला तुझा चुलतभाऊ तिथला गुहिरा सरडा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, पाळू पाहतो, असे तू लिहिले आहेस. त्याला स्पष्ट सांग की हा सरडा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राणी आहे आणि त्याला पकडणे किंवा घरात ठेवणे हा गुन्हा आहे.

पशुवैद्य बहुधा क्ष-किरण चित्र काढतील, रक्तातील कॅल्शियम तपासतील आणि औषध तोंडाने द्यायचे की टोचून, ते ठरवतील. वाकलेली हाडे पूर्ववत सरळ होत नाहीत, पण झीज थांबते आणि इतक्या कोवळ्या वयात ताकद पुष्कळ भरून येते. जाताना भुकटीचा डबा, दिव्याचे खोके आणि तो बसवल्याची तारीख सोबत ने. तोवर पिंजऱ्यातील फांद्या खाली आण, म्हणजे तो पडला तरी इजा कमी होईल.

तुझा हितचिंतक