जुन्या घराला नवी खोली जोडताना

ठाण्याच्या खारकर आळीतलं आजोबांचं कौलारू घर नवी खोली जोडून वाढवताय, हे तुमच्या पत्रात वाचून फार बरं वाटलं. आराखडा काढण्याआधी एक पावसाळा घराकडे नीट बघा. पागोळ्या कुठे पडतात, कुठल्या भिंतीला ओल धरते, हे जून-जुलैतच कळतं.

सगळ्यात जपायचं ते जुन्या-नव्याच्या सांध्याला. चुन्यात बांधलेली जुनी भिंत कधीच बसून स्थिरावलेली असते, नवं आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचं बांधकाम, अजून बसायचं असतं. म्हणून नव्या भागाला स्वतंत्र पाया आणि खांब द्या, मध्ये फट ठेवा, ती वरून पत्र्याने झाका. स्लॅब जुन्या भिंतीवर टेकवू नका. आमच्याकडे टेकवला होता. दुसऱ्याच पावसाळ्यात माजघराच्या कोपऱ्यात तिरकी चीर गेली, करंगळी जाईल एवढी. आणि चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मुळीच नको, ओल आतच कोंडते आणि पोपडे सुटतात.

नव्या खोलीला जुनेपणाचं सोंग देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. काच, लोखंड खुशाल वापरा, फक्त छपराच्या खालच्या कडेची उंची जुन्या घराशी जुळवा.

महापालिकेची परवानगी आधी घ्या. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीतली सामासिक अंतरं, म्हणजे बांधकामाभोवती मोकळी सोडायची जागा, वास्तुविशारदाकडून तपासून घ्या.