प्राण्यांविषयीची माया आणि प्राण्यांचा अभ्यास: एका आईच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी विज्ञान शाखेत शिकते, जखमी प्राणी पाहिला की तिला रडू आवरत नाही, प्रयोगशाळेत विच्छेदन करण्यास तिने नकार दिला आणि तरीही पुढचे आयुष्य प्राण्यांसाठीच वेचायचे, असे ती ठामपणे सांगते. घरातल्या कुत्र्याने काही नासधूस केली की ‘त्याला अपराधी वाटते’ असे तिचे म्हणणे असते आणि तिचे वडील त्यावर हसतात. हा वयाचा हळवेपणा आहे की या क्षेत्रासाठी लागणारी कुवत, आणि कुवत असल्यास पशुवैद्यकाखेरीज दुसरी कोणती वाट आहे, असे आपण विचारले आहे.

प्रथम त्या कुत्र्याविषयी लिहितो, कारण आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिथेच आहे. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली नेमका हाच ‘अपराधी चेहरा’ तपासला. मालकाने कुत्र्याला खाऊला तोंड लावू नको असे बजावून खोलीबाहेर जायचे आणि परत आल्यावर कुत्र्याने तो खाल्ला की नाही हे त्याला सांगितले जायचे. मात्र काही वेळा मुद्दाम चुकीचे सांगितले जाई. त्यामुळे काहीही न केलेल्या कुत्र्यालाही कधीकधी बोलणी बसत. मान खाली घालणे, नजर चुकवणे, शेपूट पायांत घेणे या खुणा कुत्र्याने प्रत्यक्षात आज्ञा मोडली होती की नाही यावर अवलंबून नव्हत्या, मालक रागावला की नाही यावर होत्या. उलट निरपराध कुत्र्यांना रागावल्यावर त्या अधिक ठळकपणे दिसल्या. यावरून कुत्र्याला भावना नसतात असे मुळीच ठरत नाही. आपण ज्याला पश्चात्ताप समजतो ते समोरच्या माणसाच्या रागाला दिलेले उत्तर असू शकते, एवढेच ठरते. म्हणजे वडिलांचे हसणे आणि मुलीची खात्री, दोन्ही जरा घाईचीच. यात एक व्यवहाराची गोष्टही दडलेली आहे. ‘त्याला त्याची चूक कळते आहे’ असे गृहीत धरणारा माणूस घाबरलेल्या प्राण्याला आणखी रागावतो. प्राण्याच्या भावनेचा चुकीचा अर्थ लावला, तर मायेपोटीही त्याच्यावर अन्याय होतो.

म्हणूनच माझे मत असे आहे की, आपल्या मुलीचा हळवेपणा ही उणीव नाही, पण ती पात्रताही नाही. पात्रता तेव्हा येईल, जेव्हा ‘याला काय वाटत असेल?’ या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या मनातून न देता ते प्राण्याकडूनच मिळवण्याची रीत ती शिकेल.

ही रीत सहज हाती आलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खुराने ठोके देऊन गणिते सोडवतो, अशी ख्याती पसरली होती. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने १९०७ साली दाखवून दिले की, प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकतो. विचारणाऱ्याच्या अंगाची नकळत होणारी बारीक हालचाल तो टिपत होता. पुढे या धड्याचा काहींनी इतका धसका घेतला की, प्राण्याच्या मनाविषयी बोलणेच अशास्त्रीय मानले जाऊ लागले. मला ही दुसरी चूक पहिलीइतकीच मोठी वाटते. हान्सला गणित येत नव्हते, पण माणसाचा देह वाचण्याची त्याची क्षमता तिथे हजर असलेल्या कोणाही माणसापेक्षा वरचढ होती आणि तिच्याकडे मात्र फारसे कोणी कौतुकाने पाहिले नाही.

आज हे प्रश्न कसे विचारले जातात, याचे एक उदाहरण मुलीला आवर्जून सांगा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना दोन स्वर शिकवले गेले: एक स्वर आला की दांडी दाबावी, खाणे मिळते, दुसरा आला की दाबू नये, नाहीतर त्रासदायक आवाज ऐकावा लागतो. मग त्यांना या दोहोंच्या मधले, संदिग्ध स्वर ऐकवले. ज्यांच्या राहण्याच्या व्यवस्थेत वारंवार अनपेक्षित बदल केले जात होते, ते उंदीर अशा स्वरांना खाण्याची खूण मानायला कमी धजावले, तर स्थिर व्यवस्थेतले उंदीर अधिक आशेने पुढे झाले. उंदराला ‘तू उदास आहेस का?’ असे विचारता येत नाही, पण अनिश्चित परिस्थितीत तो चांगल्याची अपेक्षा धरतो की वाईटाची, हे पाहता येते. हीच पद्धत पुढे इतर अनेक प्राण्यांसाठी वापरली गेली. वेदनेबाबतही असेच झाले. २०१० साली उंदरांच्या चेहऱ्यावरून, म्हणजे डोळे किती मिटले आहेत, नाक आणि गाल कसे फुगले आहेत, कान व मिशा कोणत्या स्थितीत आहेत यावरून वेदनेला गुण देण्याची मोजपट्टी तयार झाली. नंतर घोडे आणि मांजरांसाठीही अशा मोजपट्ट्या आल्या. शस्त्रक्रियेनंतर प्राण्याला वेदनाशामक द्यायचे की नाही, हे आता केवळ अंदाजावर सोडावे लागत नाही.

या संशोधनाचे परिणाम कायद्यापर्यंत पोहोचले आहेत. चेतनेला आधारभूत असणारी मज्जासंस्थेची रचना केवळ माणसातच नाही, असे केंब्रिज येथील २०१२ च्या जाहीरनाम्यात शास्त्रज्ञांनी म्हटले. ब्रिटनने २०२२ साली केलेल्या प्राणी संवेदनक्षमतेच्या कायद्यात पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांबरोबर ऑक्टोपस आणि खेकड्यांच्या वर्गांचाही समावेश झाला. त्यामुळे या क्षेत्रात काम म्हणजे फक्त दवाखाना, ही समजूत आता सोडून द्यावी.

पशुवैद्यक हा मार्ग उत्तम आहे, मात्र तो डोळे उघडे ठेवून निवडावा लागतो. त्यात रक्त, शस्त्रक्रिया आणि दयामरण असते, आणि अर्धे काम तर प्राण्याच्या मालकाशी बोलण्याचे, त्याचा खर्चाचा हिशेब व त्याचे दुःख सांभाळण्याचे असते. रडू येते म्हणून तो मार्ग बंद होत नाही. रडू आल्यावरही हात काम करत राहतो का, हे पाहायचे. दुसरा मार्ग प्राणिवर्तनशास्त्राचा. निको टिनबर्खन, कोनराड लोरेंझ आणि कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच अभ्यासासाठी. तिसरा मार्ग प्राणिकल्याणशास्त्राचा. पशुपालन, प्राणिसंग्रहालये, प्रयोगशाळा आणि निवारागृहे यांत प्राण्यांची अवस्था तपासणे व सुधारणे हे त्याचे काम. पाळीव प्राण्यांच्या वर्तनसमस्यांवर सल्ला देणारे तज्ज्ञ आणि प्राणिविषयक कायद्यांवर काम करणारे वकीलही असतात. संशोधनात स्थिर जागा मिळायला वर्षे लागतात, हे मात्र आपल्यापासून लपवत नाही. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल १९६० साली हातात पदवी नसताना आफ्रिकेतल्या गोम्बेच्या जंगलात गेल्या, हे उदाहरण अनेक विद्यार्थी मला ऐकवतात. त्यांनी पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली, हा भाग सोयीस्करपणे गळतो.

विच्छेदनाच्या नकाराबद्दल तिला रागावू नये, ही माझी विनंती. रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ सालीच प्रयोगांत प्राणी वापरण्याबाबत तीन तत्त्वे मांडली होती: शक्य तिथे प्राण्याऐवजी पर्याय वापरावा, प्राण्यांची संख्या कमी करावी आणि उरलेल्यांच्या वेदना कमी होतील अशी पद्धत सुधारावी. तिच्या नकाराला विज्ञानातच जागा आहे. मात्र शरीररचना शिकण्यापासून तिला सूट नाही. प्रतिकृती, संगणकीय साधने किंवा नैसर्गिकरीत्या मृत झालेले प्राणी यांच्या आधारे अभ्यासाची काय सोय होईल, हे प्रवेशापूर्वीच त्या संस्थेला लेखी विचारावे. गणितही सोडू देऊ नका. वरचे सर्व प्रयोग अखेर संख्याशास्त्रावरच उभे आहेत, आणि प्राण्यांवर प्रेम असलेली अनेक हुशार मुले याच वळणावर मागे फिरतात.

पुढच्या काही आठवड्यांसाठी तिला एक काम द्या. तिने रोज ठरावीक वेळी घरच्या कुत्र्याचे निरीक्षण करावे आणि वहीच्या डाव्या पानावर फक्त दिसलेले लिहावे: कान मागे, जांभई, शेपूट खाली, दाराकडे तीनदा गेला. उजव्या पानावर आपला अर्थ लिहावा आणि तो खोटा ठरायचा असेल तर काय दिसायला हवे, तेही लिहावे. वडिलांनाही त्याच वेळी वेगळी वही देता आली तर उत्तमच. दोघांच्या डाव्या पानांत किती फरक पडतो, ते तपासण्यासारखे असेल.

त्यानंतर सुटीत तिला एखाद्या निवारागृहात किंवा पशुवैद्याकडे मदतनीस म्हणून पाठवा, आणि सुरुवातीला पिंजरे धुणे, नोंदी ठेवणे, भेदरलेल्या प्राण्याजवळ नुसते बसून राहणे अशीच कामे मिळतील, हे तिला आधीच सांगा. ती परतल्यावर वही आणि तिचे गणिताचे गुण, दोन्ही मला पाठवा. अभ्यासक्रमाची निवड आपण त्यावरून करू.