दुकानदार म्हणतो, ‘आजच टाकी लावा, आजच मासे सोडा’. विश्वास ठेवावा का?

नाही, या एका बाबतीत तरी ठेवू नका. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर पाणी काचेसारखं नितळ दिसतं, पण मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करत राहतात. बिचाऱ्यांचे कल्ले भाजत असतात.

दहा वर्षं टाक्या सांभाळतोय, त्यावरून सांगतो. दुकानदार पारखायला दोन प्रश्न पुरतात:

- ‘हा सकर (तोंडाने काचेला चिकटणारा मासा) केवढा होतो?’ बोटभर पिल्लू दाखवून ‘एवढाच राहतो’ म्हणाला तर तिथून निघा. साधा सकर फूटभर वाढतो.
- ‘स्पंज कसा धुवायचा?’ ‘नळाखाली’ म्हणाला तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तेच जिवाणू मारतं, हे त्याला ठाऊक नाही. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

त्याच्या टाक्याही जवळून बघा. पंख मिटून बसलेले मासे किंवा अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर त्या दुकानातून काहीच घेऊ नका.

मात्र तुमच्या भागातलं पाणी जड (जास्त क्षारांचं) आहे का आणि त्यात कोणते मासे टिकतात, हे जुन्या दुकानदाराला आपल्यापेक्षा नक्की जास्त कळतं. ते जरूर विचारा.